कडक भाकरीच्या धंद्याला नाव हवंय: शब्द कुठून आणायचे आणि अटी कशा घालायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या दोघी जावा घरी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून दोन वर्षं पुण्या-मुंबईला पार्सलनं पाठवतायत, आता पाऊच छापायचेत आणि नाव काही ठरत नाहीये. नावं सुचवणाऱ्या वेबसाइटवर भाकरी, सोलापूर, होममेड असे कीवर्ड टाकले तर भाकरीहब, भाकरीकार्ट, सोलापुरी स्वाद असलं मिळालं, घरच्यांनी अन्नपूर्णा सुचवलं. विचारलंय की ताई, नावात कीवर्ड असायलाच हवा का, आणि चांगलं नाव सुचायची काही पद्धत असते का.

असते. मी पुण्यात बावीस वर्षं पॅकेजिंगच्या कामात आहे, नावं शोधायचं काम त्यातूनच माझ्याकडे आलं, कारण लोक पाऊचचं डिझाइन करून घ्यायला यायचे आणि नावच ठरलेलं नसायचं, मग बसायचं शेजारी वही घेऊन. त्यामुळे जे सांगतेय ते करून बघितलेलं आहे.

आधी तुमची मुख्य चूक सांगते, राग मानू नका, नव्वद टक्के लोक इथंच अडकतात. तुम्ही नाव शोधताय. नाव शोधायला बसलं की सापडत नाही, कारण डोकं मोकळं सोडलं की ते सगळ्यांच्या पायाखालच्या वाटेनंच जातं, स्वाद, रुची, चव, घरगुती, आजीची, अन्नपूर्णा. अन्नपूर्णा सुंदरच नाव आहे, पण त्या नावानं पीठ-मीठ देशभर विकून झालंय, आणि प्रत्येक गावात त्या नावाची एक खानावळ आहेच. तर नाव शोधायचं नाही, शब्द गोळा करायचे आणि मग त्यांच्यावर कडक अटी घालायच्या. नुसतं पीठ असून भाकरी होत नाही ना, काठवटीची कड लागते, तसंच.

तर वही घ्या. फोन नको, वहीच, कारण दोन पानं समोरासमोर उघडी दिसली पाहिजेत. डाव्या पानावर गिऱ्हाईक जे शब्द टाइप करतं ते, आणि उजव्या पानावर तुमच्या स्वयंपाकघरात, शेतात, घरात जे शब्द तोंडी आहेत ते. हे दोन वेगळे कीवर्ड आहेत आणि सगळा गोंधळ या दोघांना एक समजल्यानं होतो.

डावं पान सोपं आहे. गूगलवर सोलापूर कड एवढंच टाइप करा आणि खाली काय काय येतं ते उतरवा, मराठीत एकदा, इंग्रजी लिपीत एकदा. मग तुमचं व्हॉट्सअ‍ॅप उघडा, दोन वर्षांच्या ऑर्डरी आहेत तिथं. लोकांनी कसं विचारलंय ते बघा. "ती ज्वारीची कडक भाकरी", "प्रवासाला टिकणारी", "कमी तिखटाची शेंगा चटणी आहे का", "आईला दात नाहीत, पातळ मिळेल का". हे सगळं शब्दशः उतरवा, सुधारू नका.

आता हे डावं पान नावात जात नाही. नावाच्या खाली जातं. पाऊचवरची ओळ, ऑनलाइन लिस्टिंगचं टायटल, इन्स्टाग्रामच्या बायोतली ओळ, वेबसाइटचा मजकूर, हे सगळं याच शब्दांनी भरायचं. अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी ब्रँडचं नाव वेगळ्या रकान्यात असतं आणि प्रॉडक्टचं टायटल वेगळ्या, त्यामुळे "ज्वारीची कडक भाकरी, सोलापूर" हे टायटलमध्ये लिहिलं की शोधणाऱ्याला तुम्ही सापडता, त्यासाठी ब्रँडचं नाव भाकरीहब ठेवायची काही गरज नाही. गूगलच्या नकाशावर तर दुकानाच्या नावात उगाच कीवर्ड कोंबणं त्यांच्या नियमातच बसत नाही, बोर्डावर जे नाव असेल तेच तिथं लिहायचं असतं. पूर्वी एक काळ होता की वेबसाइटचं नावच कीवर्डचं ठेवलं की वर दिसायचं, २०१२ मध्ये गूगलनं तसल्या हलक्या साइट खाली ढकलल्या. तरी अजून लोक तोच सल्ला देत बसतात.

दुसरं कारण कायद्याचं आहे आणि ते जास्त महत्त्वाचं. ट्रेड मार्क्स कायदा १९९९ चं कलम ९ असं सांगतं की जो शब्द फक्त मालाचा प्रकार, गुण किंवा गाव सांगतो तो एकट्या कुणाला स्वतःचा म्हणून घेता येत नाही. म्हणजे "सोलापूर कडक भाकरी" हे नाव तुम्ही बोर्डावर लावाल, दहा वर्षं घाम गाळाल, आणि शेजारचा उद्या तेच लावेल तर तुम्ही त्याला फार काही करू शकणार नाही, कारण तोही सोलापुरातच आहे आणि तोही कडक भाकरीच विकतोय. बराच काळ खपून नाव तुमचंच म्हणून लोकांच्या तोंडी बसलं तर कायदा सूट देतो, पण ते सिद्ध करत बसायचं म्हणजे बिलं, जाहिराती, वर्षांचे पुरावे, नव्या धंद्यानं त्या वाटेला जाऊच नये.

गावाच्या नावावरून अजून एक. तुम्ही लिहिलंय की ज्वारी मंगळवेढ्याहून आणता. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, तर ते नाव पाऊचवर मिरवायचं असेल तर आधी त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद कशी करायची ते बघा. ती नोंद झाली तर पाऊचवर मोठ्ठं लिहा, अभिमानाची गोष्ट आहे ती, पण ब्रँडच्या नावात ते घेऊ नका.

आता उजवं पान. माझा जीव या पानात आहे. इथं तुम्हाला कुठलीही वेबसाइट मदत करणार नाही, कारण हे शब्द तिच्याकडे नाहीतच. तुमच्या सासूबाईंना बसवा समोर आणि भाकरी करताना जे जे हाताखालून जातं त्याचं नाव विचारा. काठवट, उलथनं, तवा, चूल, वैल, आर, फुफाटा, पापुद्रा, थापणं, पलटणं, शेकणं. मग शेतात जा, शाळू, मालदांडी, कणीस, हुरडा, कडबा, पेंढी, खळं, रास, सुगी, पेव. चटणीकडे या, शेंगा, टरफल, फोलपट, उखळ, मुसळ, खलबत्ता, कूट, तेल सुटणं. मग खाण्याकडे, शिदोरी, फडकं, दुरडी, टोपलं, मोडणं, चुरणं, आमटीत कुस्करणं. आणि आवाज, आवाज विसरू नका, थपथप, कडाकडा, कुडुमकुडुम. शंभर शब्द झाल्याशिवाय थांबायचं नाही, पहिल्या तीसात सगळ्यांना सुचतात तेच येतात, साठाच्या पुढं असा एखादा शब्द येतो की तोंडातून निघाल्यावर दोघी एकमेकींकडे बघाल. त्याच्याभोवती गोल करा, पण अजून ठरवू नका.

मग अटी. लोकांना वाटतं अट म्हणजे बंधन, त्यानं कल्पना मरते. उलट आहे हो. लग्नात उखाणा घ्यायला लावतात तेव्हा काय होतं, नवऱ्याचं नाव आलंच पाहिजे आणि यमक जुळलंच पाहिजे, या दोन अटींमुळेच जिनं जन्मात कविता केली नाही तिलाही दोन ओळी सुचतात, तेच तिला "काहीतरी छान बोल" म्हटलं असतं तर गप्प उभी राहिली असती. मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण रचलं, म्हणजे ज्या अक्षरांना ओठ लागतात ती प फ ब भ म कुठंच नाहीत, आणि गोष्ट रामाची, ज्याच्या नावातच म आहे. आपल्या भाषेतल्या कारागिरांना हे फार आधीपासून माहीत आहे की वाट अडवली की पाणी दुसरीकडून जोरात येतं.

धंद्यातही तसंच झालंय. डालडा घ्या. वनस्पती तूप बाहेरून आणणाऱ्या डच कंपनीचं नाव होतं दादा, त्यांचा हट्ट की आमचं नाव राहिलं पाहिजे, लीव्हर कंपनीला आपली काही खूण हवी, मग दादाच्या मधे लीव्हरचा ल घातला आणि १९३७ मध्ये डालडा बाजारात आलं. दोन अटी एकमेकींच्या अंगावर आल्या म्हणून ते नाव झालं, मोकळ्या मैदानात बसून कुणाला डालडा सुचलं नसतं. कॅमलिन म्हणजे कॅमल आणि इंक, दांडेकरांच्या उंट छाप शाईतून आलेलं. विको म्हणजे विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनीची पहिली अक्षरं. आणि तुमच्या सगळ्यात जवळचं उदाहरण लिज्जत, १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, आणि नाव ठेवलं १९६२ मध्ये, तेसुद्धा आपसात स्पर्धा लावून, बक्षीस ५ रुपये. गुजरातीत लिज्जत म्हणजे चव, मजा. म्हणजे तीन वर्षं धंदा झाला, मग नाव. तुम्हाला दोन वर्षं झालीत, उशीर झाला वगैरे काही मनात आणू नका.

तर वर मी दिलेले शब्दच तुमचं उजवं पान धरून ज्या अटी लावून बघितल्या त्या सांगते.

पहिली अट नेहमी बंदीची. बाजारात जा, कडक भाकरीची, चटणीची, पापडाची जेवढी पाकिटं दिसतील त्यांची नावं लिहून आणा आणि त्यात जे शब्द दोनदा आले ते सगळे बंद. श्री, साई, महा, न्यू, फूड्स, किचन, स्वाद, रुची, घरगुती, आजी, गावरान, बंद म्हणजे बंद. निम्मी वही कापली जाते इथं, जाऊ दे. गावरान हा शब्द मला स्वतःला फार आवडायचा पण आता तो इतक्या पाकिटांवर आहे की डोळा त्याच्यावरून घसरतो.

दुसरी, काना-मात्रा-वेलांटी नको. पहिलीच्या पुस्तकातल्या कमळ, बदक सारखं, साधी अक्षरं. असं नाव लांबून बोर्डावर चटकन वाचता येतं, लहान पोरालाही येतं, आणि इंग्रजी लिपीत लिहिताना डबल ए की सिंगल ए हा घोळ कमी होतो. या अटीत तुमच्या वहीतून वर आलं थपथप, आणि अर्थातच कडक. कडक बघा किती मजेदार शब्द आहे, उलटा वाचला तरी कडक, चिमा काय कामाची सारखा, आणि पोरं एखादी गोष्ट आवडली की कडक म्हणतातच. पण तो डाव्या पानावरचा शब्द आहे, मालाचा गुण सांगतो, एकटा तुमचा होणार नाही. ओळीत वापरा, भरपूर वापरा.

याच नादात कुणीतरी तुम्हाला कडकलक्ष्मी सुचवणार, दोघी बायका, कडक भाकरी, लगेच जुळतं. नको. कडकलक्ष्मी हा कुणाच्या तरी देवीचा आणि पोटाचा प्रश्न आहे, अंगावर आसूड ओढून घेणाऱ्या माणसाचं नाव आपल्या पाकिटावर शोभेसाठी लावायचं नाही असं माझं ठाम मत आहे.

तिसरी अट दुसरीच्या जोडीनं नाही, तिच्याऐवजी लावून बघायची, आणि ती मोरोपंतांच्या उलटी, नावाची सुरुवात ओठानं झाली पाहिजे, प फ ब भ म. बाळ पहिल्यांदा जी अक्षरं बोलतं ती हीच, मामा, बाबा, पापा, आणि खाण्याच्या नावाला हा तोंड मिटून उघडण्याचा आवाज फार छान बसतो. वहीतून वर आलं पेव, पेंढी, फुफाटा आणि पापुद्रा. पेव हा शब्द मला फार ओढतो, जमिनीखाली धान्य साठवायची ती जागा, पण पुण्या-मुंबईच्या पोरांना पेव फुटणे एवढंच माहीत आणि ते चांगल्या अर्थानं नाही. फुफाट्यात धूळ आली. पापुद्रा राहिला, त्याच्याकडे परत येते.

चौथी, फोनची अट. हिच्यात सगळ्यात जास्त नावं पडतात आणि हीच लोक कधी करत नाहीत. नाव पाच जणांना फोनवर फक्त एकदा सांगायचं आणि म्हणायचं, आता इंग्रजी लिपीत टाइप करून पाठव. पाचातले चार जण एकसारखं लिहितील तर नाव पास. मराठी नावांचं इथं पानिपत होतं कारण ळ ला आपल्याकडे वेगळं अक्षर आहे, तिकडे नाही, ट आणि त एकच, ड आणि द एकच, व कधी व्ही कधी डब्ल्यू. वाडा आणि वडा तिकडे एकसारखेच दिसू शकतात. खळं लिहून बघा, काय वाचाल तुम्ही? दुरडी पाच जणांनी चार तऱ्हेनं लिहिली. वैल, तो चुलीला जोडलेला शेजारचा भाग, किती गोड शब्द आहे, घरात सगळं शिजून झाल्यावर जे ऊब देत राहतं ते, मी त्याच्यासाठी दोन दिवस झटले, पण इंग्रजी लिपीत डब्ल्यूनं लिहिला की त्याचा अर्थ आक्रोश होतो. सोडला. तुम्ही स्वतः सुचवलेलं जावाजावा पण इथंच पडतं, नातं छान आलंय त्यात, पण लिहिलं की लोकांना कॉम्प्युटरची भाषा, मोटारसायकल आणि एक बेट सापडतं, भाकरी नाही सापडत.

पाचवी, शेजारच्या भाषांची अट. सोलापूरला तर घरातून बाहेर पडलं की कन्नड आणि तेलुगू कानावर येते, तुम्हाला माणसं शोधायला जायला नको. प्रत्येक नाव एका कन्नड, एका तेलुगू, एका हिंदी बोलणाऱ्या माणसाला विचारायचंच. सडा म्हणजे आपल्याकडे अंगणातलं शिंपण, हिंदीत सडलेलं. शिक्षा हिंदीत शिक्षण आणि आपल्याकडे मार. पोळीला इंग्रजी लिपीत पोली लिहिलं आणि तमिळ माणसानं वाचलं तर त्याला बनावट असा अर्थ लागू शकतो. खायच्या वस्तूवर हे परवडत नाही.

सहावी, बोर्डाची अट. आज तुम्ही घरून करताय, उद्या दुकान टाकाल. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी लावावी लागते आणि ते अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही, सुप्रीम कोर्टानंही २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. तर नाव देवनागरीत कसं दिसतं ते आधी बघा, इंग्रजीत लोगो करून मग मराठीत ढकलायचं असं करू नका. पेन्सिलीनं मोठ्ठं लिहा, भिंतीला चिकटवा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. जोडाक्षर असेल तर ते लांबून ओळखू येतंय का हे डोळ्यांनीच कळतं. आणि घरात कुणी उत्साहानं महाराजांचं नाव द्यायचं म्हणाले तर १९५० चा बोधचिन्हं आणि नावांचा कायदा आहे, त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आहे, धंद्याच्या नावासाठी ते वापरता येत नाही.

शेवटची अट माझी स्वतःची आहे, कुठं शिकवत नाहीत. नाव खरं पाहिजे. म्हणजे त्या शब्दात जे आहे ते तुमच्या मालात, तुमच्या हातात खरोखर असलं पाहिजे. बाकी सगळ्या अटी पार करून नाव आलं आणि इथं खोटं ठरलं तर टाकून द्यायचं, कारण गिऱ्हाईक एकदा दुकानात आलं, आत डोकावलं आणि त्याला दिसलं की नावात एक आणि आत एक, की पाकिटावरच्या बाकीच्या शब्दांवरचाही विश्वास जातो.

इतकं सगळं चाळून माझ्या हातात दोन नावं राहिली, पापुद्रा आणि थपथप.

पापुद्रा म्हटलं की भाकरी डोळ्यापुढं येते पण शब्द भाकरी म्हणत नाही, हे मला हवं होतं. गुण थेट न सांगता सुचवणारं नाव रजिस्टर व्हायला सोपं जातं आणि लक्षातही राहतं. फोनवर पाचातल्या पाच जणांनी एकसारखं लिहिलं, कन्नड, तेलुगू, हिंदीत विचारलं तर काही वाकडं निघालं नाही. एकच शंका आहे. तुमची भाकरी तव्यावर दाबून दाबून कडक करताना तिला पापुद्रा सुटतो का? माझ्या माहेरच्या मऊ भाकरीला सुटतो, तुमच्या कडक भाकरीचं तुम्हालाच ठाऊक. सुटत नसेल तर वरची अट लागली, नाव गेलं.

थपथप हा हाताचा आवाज आहे. हे नाव चटणीलाही चालतं, उद्या धपाटी काढलीत तर त्यांना तर अगदीच चालतं, आणि त्याचं एक सुख म्हणजे जाहिरात करायला पैसे लागत नाहीत, फोन समोर ठेवून नुसता काठवटीतला आवाज रेकॉर्ड केला की झालं, आवाजच नाव सांगतो. त्याचा धोका असा की धंदा वाढला की भाकरीचं मशीन घ्यावं लागेल, घ्या, घेण्यात काही गैर नाही, पण मग पाकिटावर थपथप लिहिणं खोटं होईल. तुमचा पुढच्या पाच वर्षांचा विचार काय आहे त्याच्यावर हे अवलंबून आहे आणि तो मी तुमच्यासाठी करू शकत नाही.

दोन्ही पडली तरी घाबरायचं नाही, वहीत अजून ऐंशी शब्द आहेत, नवीन अट घाला. नुसती क्रियापदं घेऊन बसा एक दिवस, मोड, चुर, कुस्कर, बांध. किंवा आपल्याकडचा तो की घ्या, ये की, बस की, जेव की, त्यात सोलापूर न लिहिता सोलापूर येतं. किंवा प्रत्येक उरलेल्या नावाचा उखाणा करून बघा, यमक पटकन सापडलं तर ते नाव लोकांच्या जिभेवर बसेल. नावं सुचवणारी वेबसाइट किंवा एआय वापरायचं असेल तर तेही वापरा, पण त्याला भाकरी आणि होममेड देऊ नका, वैल आणि पेव द्या, आणि वरच्या अटी जशाच्या तशा द्या, मग त्यातून नाव नाही तर निदान दहा नवे शब्द वहीला मिळतात.

नाव पक्कं वाटलं की त्याच दिवशी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोधा, फुकट असतं. तुमच्या दोन्ही वस्तू, भाकरी आणि चटणी, क्लास ३० मध्येच बसतात (ट्रेडमार्कसाठी मालाचे जे वर्ग पाडलेत त्यातला हा एक), म्हणजे एकाच क्लासची फी, ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा छोट्या उद्योगासाठी ४,५०० रुपये. नुसतं तेच स्पेलिंग टाकून शोधू नका, तिथं उच्चारावरून शोधायचीही सोय आहे, ती वापरा, कारण सारखं ऐकू येणारं नावसुद्धा आडवं येतं. अर्ज केल्यावर नाव ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून येतं, त्यानंतर चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतं, नोंद झाली की दहा वर्षांची, पुढं वाढवता येते. नावापुढं टीएम ही खूण अर्ज चालू असताना लावता येते, गोलातला आर मात्र नोंद होईपर्यंत लावायचा नाही, तो गुन्हा आहे. आणि पुढंमागं कंपनी काढलीत तर कंपनीचं नाव मंजूर झालं म्हणजे ट्रेडमार्क मिळाला असं होत नाही, डोमेन घेतलं म्हणजेही नाही, ही तीन वेगळी दारं आहेत.

याच्यावर मी इतका जोर देतेय कारण एका लोणच्यावाल्यांचं पाऊच मी केलं होतं, कामाला लागून चार-पाच वर्षं झाली होती मला तेव्हा. नाव त्यांनी ठरवून आणलेलं, मी विचारलं शोधलंय का, ते म्हणाले डोमेन घेतलंय ना, आणि मी पुढं काही बोलले नाही. तीन वर्षांनी नोटीस आली, दुसऱ्या राज्यातल्या कुणाकडे तेच नाव आधीपासून नोंदलेलं होतं. छापील पाऊच म्हणजे प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरलेला असतो, नाव बदललं की सिलिंडर परत, शिल्लक रोल भंगारात, आणि तीन वर्षं ज्या बायकांनी ते नाव शेजारणीला सांगितलं होतं त्यांना परत नवीन नाव शिकवायचं. त्या काकांचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी शोध घेतल्याशिवाय कुणाचंही डिझाइन हातात घेत नाही.

म्हणून तुम्हीही आत्ता छापील पाऊच करूच नका. साधे कोरे पाऊच घ्या, वर स्टिकर लावा, पाचशेची ऑर्डर कुठल्याही प्रेसवाल्याकडे मिळते. अर्ज जाऊ दे, सहा महिने तोच स्टिकर लावून माल पाठवा, गिऱ्हाईक फोनवर नाव कसं उच्चारतं ते ऐका, नावानंच मागतंय की अजून "त्या सोलापूरच्या भाकरीवाल्या" म्हणतंय ते बघा. नावानं मागायला लागले की सिलिंडर कोरा.

आज संध्याकाळी एवढंच करा, एक भाकरी कडक होईपर्यंत तिच्याकडे नीट बघा आणि पापुद्रा सुटतो का ते मला कळवा, आणि मशीनचा विचार आहे की नाही तेही. मग पुढचं बोलू.